पहिल्या ओळीतली दोन टिंबं

३ मार्च, मंगळवार

प्रस्ताव परत आला! "फेरविचारासाठी" म्हणे. म्हणजे नाहीच म्हणायचं, फक्त तोंड गोड ठेवून.

डोकं फिरलंय. एकदा सगळं सरळ लिहून काढतो, नाहीतर उद्या मावशींवर खेकसेन आणि त्या बिचाऱ्या काम सोडून जातील. ताईने ही भाषा बनवली ती प्रयोगशाळेतल्या यंत्रांसाठी. नमुना घे, गाळ, मोज, नोंद कर — असल्या आज्ञा यंत्राला द्यायला. मी तेव्हा तिच्या हाताखाली लागलो, अजून तिथेच आहे. भाषा चांगली आहे. सुटसुटीत आहे. पण एक खोड आहे — आज्ञा आतून बाहेर लिहावी लागते. नोंद(मोज(गाळ(नमुना))). कंसात कंस, त्यात आणखी कंस, आणि शेवटी ते सगळे मिटवत बसायचं. एक राहिला की यंत्र अख्खी ओळ तोंडावर फेकतं.

मला दोन नवी चिन्हं हवीत. बस्स, दोन! एक दोन टिंबांचं: नमुना..गाळ..मोज..नोंद. डावीकडून उजवीकडे, माणूस बोलतो तसं, कंसाचं नाव नाही. दुसरं दोन स्वल्पविरामांचं, त्याचा अर्थ "हे नसेल तर ते घे". आज तेवढ्यासाठी चार ओळी खरडाव्या लागतात.

भाषेत काहीही नवं घालायचं तर मंडळ बसतं. सुरुवातीपासूनचे पाच सभासद. अध्यक्ष, खडूस, माना डोलावणारे दोघं, आणि स्वतः ताई. बारभाईची खेती. आज पडद्यावर चौघं होते. ताई येत नाही, "तब्येत बरी नाही" एवढंच त्यांना माहीत आहे.

अध्यक्ष म्हणाले, "कल्पना छान आहे हो तुमची. पण टिंबं का? बाण घ्या की. बाण शाळेतल्या पोरालाही कळतो."

खडूस म्हणाला, "टिंबं मला दिसतच नाहीत. माशी बसली की टिंब, कळणार कसं?"

सगळे हसले. मीही हसलो! बाण का नको ते सांगता येत नाही ना. ताईने माझं तोंड शिवून ठेवलंय.


५ मार्च, गुरुवार

इथे तरी लिहितो.

ताईचे हात गेले. मग आवाज गेला. उरलाय उजवा गाल. त्या गालावर एक चपटं बटण चिकटवलेलं आहे. समोरच्या पडद्यावर चौकटींचा तक्ता. उजेडाची पट्टी एकेका ओळीवरून खाली सरकते. हव्या त्या ओळीवर आली की ताईने गाल हलवायचा. मग उजेड त्या ओळीत एकेका चौकटीवरून चालतो, पुन्हा गाल. मिळालं एक अक्षर! वरच्या ओळीत असेल ते पटकन मिळतं. खालच्या ओळींसाठी पट्टी उतरेपर्यंत वाट बघत बसायचं, आणि तेवढ्यात गाल चुकून हलला तर पुन्हा पहिल्यापासून.

कंस कुठेही ठेवले तरी उघडायला एक आणि मिटायला एक. आत कितीही असोत, मोजून मिटवायचे. बाण काढायला दोन वेगळी चिन्हं. टिंब मात्र एकच चौकट, तिच्यावर दोनदा दाबायचं. म्हणून टिंबं! माशी बसू दे नाहीतर गरुड.

मधे एखादा दुभाषी प्रोग्राम ठेवायचा, ताईने टिंबं लिहायची आणि त्याने कंस करायचे, हेही करून पाहिलं. पण दुसऱ्यांनी लिहिलेलं तिच्यापुढे येतं ते कंसांचंच. त्यात दुरुस्ती करायची म्हटली की घोडं तिथेच पेंड खातं. चिन्ह भाषेतच यायला हवं.

आणि ताईची अट आधीपासूनची, आवाज होता तेव्हाची. "बारक्या, माझ्या आजारपणाच्या नावावर भाषेत एक टिंबसुद्धा मागायचं नाही. भाषा सगळ्यांची आहे." मी हो म्हटलं होतं. तेव्हा हो म्हणणं सोपं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गालही राहायचा नाही. "पुढचं वर्ष धरून चालू नका."


६ मार्च, शुक्रवार

ताईचं एक काम अर्धं आहे. यंत्रात काही बिघडलं तर ते सुरक्षित कसं थांबवायचं, तो सगळा भाग ती नव्याने लिहितेय. दुसऱ्या कुणाला तो जमायचा नाही. मला तर नाहीच. आजारपण कळलं त्या आठवड्यात ती म्हणाली होती, "एवढं पुरं करते, मग काय व्हायचं ते होऊ दे."

ते वाक्य मी धरून बसलोय. काम आहे तोवर ती आहे. आता एक ओळ लिहायला तिची अख्खी सकाळ जाते. नवी चिन्हं आली तर त्याच सकाळी तीन-चार ओळी होतील. गाल जायच्या आत पुरं होईल. नाही आली तर नाही होणार. इतकं साधं आहे सगळं, आणि मला ते चार माणसांना समजावता येत नाही.


८ मार्च, रविवार

भाचीचा फोन. ती दूर शिकायला आहे, रविवारी फोन करते. ताईपुढे पडदा धरला. भाची बडबड बडबड करत होती, खोलीतली मैत्रीण, परीक्षा, केस कापले ते. ताईने "हो" दिलं. बऱ्याच वेळाने "बरं". संपलं.

नंतर भाची माझ्याशी बोलली. "मामा, आई माझ्यावर रागावलीय का रे? दोन महिन्यांपूर्वी कशी टोमणे मारायची. माझ्या केसांवर ती काहीच बोलली नाही!"

म्हटलं, "कामात असते गं. दमते."

"माझ्यापुरती तरी दमू नको म्हणावं."

काय सांगणार पोरीला? आजार आतपर्यंत पोचलाय. माणूस हळूहळू दार लावून घेतं, डॉक्टरीणबाईंनी बजावलंच होतं. म्हणून तर काम चालू राहायला हवं. तेवढी एकच खिडकी उघडी आहे.


९ मार्च, सोमवार

नवा मसुदा अध्यक्षांना पाठवला. बाणाच्या विरोधात नऊ मुद्दे. खरा एकही नाही.


१४ मार्च, शनिवार

हात दाखवून अवलक्षण!

आज मंडळापुढे चालवून दाखवायचं होतं. नमुना..गाळ..मोज — चाललं. अध्यक्ष खूश. माना डोलावणारे डोलले. मी हुरळून म्हटलं, "काहीही द्या, चालवून दाखवतो."

खडूस म्हणाला, "पाच द्या. नुसता आकडा. ५..मोज."

दिलं. धाडकन चूक! यंत्राने ५ आणि पहिलं टिंब मिळून दशांश समजला, पाच पूर्णांक काहीच नाही असला. उरलेलं टिंब एकटं लोंबकळत राहिलं. आकड्यापुढचं टिंब म्हणजे दशांश — हे मला सुचू नये? मला? ओळ वाचून तिचे तुकडे पाडणारा तो भाग माझ्याच हातचा आहे!

"बाणाला हा त्रास नसता," खडूस म्हणाला. त्याचं बरोबर होतं. म्हणून जास्त झोंबलं.

ताईच्या खोलीचं दार उघडं होतं, तिने सगळं ऐकलं. आत गेलो तर उजेड तक्त्याच्या पार तळाशी फिरत होता. "अ" उमटला. मग कितीतरी वेळाने "रे". मी म्हटलं, "ताई, दमू नकोस, उपाय कळलाय मला. आकड्यामागे दोन टिंबं असली तर दशांश धरायचा नाही. हो ना?" तिने डोळे मिटले. मी पडदा बंद केला.


१७ मार्च, मंगळवार

दुरुस्ती झाली. जुने सगळे प्रोग्राम नव्या नियमावर चालवले, एकही मोडला नाही. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

एक प्रश्न उरला होता. दोन्ही चिन्हं एका ओळीत आली तर आधी कुणाचं ऐकायचं? नमुना..मोज,,शून्य. आधी मोजायचं, आणि माप नसेल तर शून्य? की "मोज, नाहीतर शून्य" ही एकच आज्ञा धरायची? लग्नाच्या पंगतीत आधी कुणाला बसवायचं तसली भानगड, पण इथे चुकलं तर प्रयोगशाळेत चुकीचा आकडा छापला जातो. असल्या बाबतीत ताईचं नाक कुत्र्यासारखं. तिला विचारलं. बऱ्याच वेळाने "तूच" एवढंच आलं.

तूच! ही ताई? एका स्वल्पविरामासाठी पूर्वी माझ्याशी आठवडा आठवडा भांडायची. तिने बटण सोडलं नाही पण आतून सोडलंय सगळं. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभा राहिलो. रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.


१८ मार्च, बुधवार

मावशी — ताईचं अंगपुसणं, भरवणं बघतात त्या — आज जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, "दादा, ताईंना काहीतरी सांगायचं असतं हो. मी पावडर लावते ना, तेव्हा डोळे असे गरागरा फिरवतात."

"कुठे दुखतंय का, विचारलंत?"

"मी काय विचारणार? तुमच्या त्या पेटीतलं मला काय कळतंय. आधी मी ताईंबरोबर मालिका बघायची, तर त्या मधेच काहीबाही लिहायच्या, मला हसू आवरायचं नाही. आता नाही लिहीत."

पाठीला गादी टोचत असेल. नवी मागवली.


२३ मार्च, सोमवार

मसुदा मतदानाला गेला. शेवटी गेला! अध्यक्ष म्हणाले, "तुमचा पीळ काही जायचा नाही. टिंबं तर टिंबं. बघू या."

आता आठवडाभर मौन. मंडळाचा जुना रिवाज — मतदान चालू असताना कुणी कुणाशी प्रस्तावाबद्दल बोलायचं नाही. पाचातला एकही "नाही" म्हणाला तर प्रस्ताव बाद. कारण द्यायचं नाही, नाव फुटत नाही, आणि तोच प्रस्ताव दोन वर्षं पुन्हा आणता येत नाही. हा रिवाज ताईनेच पाडला. "एकालाही खटकत असेल तर घाई कशाला?" तेव्हा मला किती शहाणपणाचं वाटलं होतं!

अध्यक्ष हो म्हणतील. डोलावणारे अध्यक्षांकडे बघून हो म्हणतील. ताईचं मत घरचंच. राहता राहिला खडूस. सगळं त्या एका माणसाच्या मर्जीवर. दोन वर्षं! दोन वर्षांनी गाल कुठला, आणि ताई तरी कुठली.

लिहून बसलो खरा. खोडावंसं वाटतंय. राहू दे.


२५ मार्च, बुधवार

जेवण जात नाही. कचेरीत शेजारचा म्हणाला, "अरे, एवढं काय, दोन टिंबंच ना?" उठून बाहेर गेलो. त्याच्या कानाखाली वाजवली असती.


२७ मार्च, शुक्रवार

ताईला मतदानाचं पान लावून दिलं. त्यावर दोनच चौकटी, हो आणि नाही. एक दाब पुरे. गुप्त म्हणजे गुप्त — मी बाहेर जाऊन दाराला पाठ टेकून उभा राहिलो. आत गेलो तर पान मिटलेलं होतं आणि ताई माझ्याकडे बघत होती. खूप वेळ बघत होती. मी म्हटलं, "होईल गं. काळजी करू नकोस." तिचं कपाळ पुसलं. घाम आला होता तिला.


३० मार्च, सोमवार

बाद.

चार हो, एक नाही.


३१ मार्च, मंगळवार

खडूसला लिहिलं. काय काय लिहिलं ते इथे पुन्हा लिहवत नाही. म्हटलं, तुमच्या चष्म्याला टिंब दिसत नाही म्हणून एक बाई जिवंतपणी मुकी होणार आहे. म्हटलं, नाचता येईना म्हणून अंगणाला नावं ठेवणारी माणसं तुम्ही. ताईला दिलेला शब्द मोडला, सगळं सांगून टाकलं. गाल, बटण, तक्ता, सगळं. पाठवून दिलं. पाठवल्यावर भानावर आलो, पण गेलेला बाण काय परत येतोय!

तेलही गेलं, तूपही गेलं. चिन्ह नाही मिळालं, आणि शब्दही राखला नाही.


२ एप्रिल, गुरुवार

निकाल लागल्यापासून ताई कामाला बसलेली नाही. पडदा लावून देतो. पट्टी वरून खाली, वरून खाली फिरत राहते. गाल हलत नाही. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, बटण थोडं वर, डोळ्याजवळ सरकवलं. म्हणाल्या, "ताकद आहे अजून. कमी आहे, पण आहे. त्या वापरत नाहीयेत."

माझं म्हणणं खरं ठरलं, काम गेलं की ताई गेली. खरं ठरल्याचं हे असलं बक्षीस. बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडलो. मावशींना ऐकू गेलंच, त्या चहा ठेवून गुपचूप निघून गेल्या.

मी नालायक आहे. एक साधी गोष्ट मागायची होती, चारचौघांना पटवायची होती. नाही जमली. तिने मला सगळं शिकवलं आणि तिच्यासाठी मला दोन टिंबं आणता आली नाहीत.


४ एप्रिल, शनिवार

खडूसचं उत्तर आलं. शिव्या असतील म्हणून सकाळभर उघडलं नाही.

"नकार माझा नाही. चिन्ह मला अजूनही कुरूपच वाटतं. पण टिंबांचा तुमचा हट्ट आणि तिची गैरहजेरी जोडून पाहिली, आणि मतदानाआधीच मीही असला तक्ता शोधून तासभर वापरून पाहिला. कशासाठी ते तेव्हाच कळलं. कुणाला बोललो नाही, ती बोलली नाही म्हणून. मी हो म्हटलं होतं. तिला माझा नमस्कार सांगा. आणि एक — ओळ लिहिण्यापेक्षा त्या तक्त्यावर साधं 'कशी आहेस' लिहायला मला जास्त वेळ लागला. तिला कसं जमतं हो?"

लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्षमा मागितली.

मग कोण? अध्यक्ष? तोंडावर साखर आणि मागून सुरी? की डोलावणाऱ्यांपैकी एखाद्याची मान ऐन वेळी आडवी हलली?


५ एप्रिल, रविवार

भाचीचा फोन. ताईने पडद्याकडे पाहिलंच नाही. भाची रडायला लागली, मी फोन घेऊन बाहेर गेलो. अध्यक्षांनाच विचारणार. रिवाज गेला खड्ड्यात.


७ एप्रिल, मंगळवार

अध्यक्षांना फोन लावत होतो, तेवढ्यात मावशींनी हाक मारली. ताई लिहीत होती.

फेब्रुवारीत तक्ता मीच नव्याने मांडला होता. टिंब, स्वल्पविराम, आकडे, आज्ञा वरती, साधी अक्षरं पार तळाला. पट्टी प्रत्येक अक्षरासाठी खालपर्यंत उतरत होती. गाल चुकत होता, ती पुन्हा सुरू करत होती. मी मधे बोललो नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एवढं झालं —

"नाही मी म्हटलं. काम पुरे. अक्षरं वर घे. पोरीशी बोलायचंय."